उशीपेक्षा जड

बंदरात सगळे त्यांना शिडाच्या काकू म्हणत. लोकांची फाटलेली शिडं त्या हातमशीनवर शिवून देत आणि नवऱ्यासोबत स्वतःच्या शिडाच्या होडीवरच राहत. नवरा निवृत्त सुतार. होडी त्यांनीच बांधलेली, त्यामुळे तिला कुणी नावं ठेवलेली त्यांना खपत नसत.

होडीवरचा संसार म्हणजे न संपणारी डागडुजी. सकाळी चहाच्याही आधी काकू फळी उचलून तळात हात घालत, पाणी साचलेलं दिसलं की पंप मारत. मग कुठला दोर घासलाय, कुठल्या खिळ्याला गंज चढलाय, गॅस नीट बंद आहे का, हे सगळं बघून झाल्यावरच आधण ठेवलं जाई.

"एवढं लक्ष माझ्याकडे दिलं असतंस तर मीही चकचकीत दिसलो असतो," काका म्हणत.

एका गोष्टीवरून मात्र दोघांची रोज वाजे. समुद्रात असताना कमरेला पट्टा बांधायचा आणि त्याची कडी होडीला अडकवायची, हा काकूंचा नियम. काका तो धाब्यावर बसवत. म्हातारपणी कुणी आपल्याला दावं बांधावं, हे त्यांना पटत नव्हतं, दुसरं काय!

मग काकूंनी वेगळाच नाद धरला. चालत्या होडीवरून त्या रेक्झिनची एक उशी पाण्यात फेकत, "माणूस पडला!" म्हणून ओरडत आणि होडी वळवून ती उचलून आणत. त्यात त्यांचा असा काही हात बसला, की शेजारच्या होडीवरचा मच्छीमारही कौतुक करी. काका तर निर्धास्तच झाले. बायको काढेल की!

पुढे लेकीच्या गावी जायचं ठरलं. खुल्या समुद्रातून, दोघंच, आळीपाळीनं झोपून. निघायच्या तयारीत उशी पुसताना काकूंच्या हातात ती एकदम हलकी लागली, आणि त्यांनी मान वर करून काकांकडे पाहिलं.

"अहो, पाण्यात उडी मारा."

"डोकं फिरलंय का तुझं?"

"इथंच, बंदरात. उशी खूप वेळा काढली. आता तुम्हाला काढून बघते."

पाण्यात तरंगवणारं जाकीट चढवून, कुरकुरत का होईना, काकांनी उडी मारली. काकूंनी होडी अलगद वळवून त्यांच्या शेजारी आणली, शीड उतरवलं, दोर टाकला. इथवर सगळं झकास. मग त्या ओढायला लागल्या. काका छातीपर्यंत वर आले आणि परत खाली गेले. पुन्हा ओढलं, पुन्हा तेच. शिडी नव्हती. होडीचं रूप बिघडतं म्हणून काकांनीच ती लावली नव्हती. त्यांचे ओठ निळे पडायला लागले, तेव्हा मच्छीमारानं येऊन त्यांना बखोटीला धरून वर घेतलं.

काका दोन चादरींत कुडकुडत बसले. काकू म्हणाल्या, "तुमच्यापर्यंत मी येईन हो. पण पुढं काय? दोर धरून तुम्हाला बुडताना बघत बसू?"

काकांनी चादर अंगाभोवती आणखी घट्ट ओढून घेतली.

"मी एकटीनं तुम्हाला वर काढेपर्यंत होडी हलणार नाही."

काकांनी मुकाट्यानं मागच्या बाजूला शिडी बसवली. पण काकूंचं समाधान होईना. माणूस शुद्धीवर नसला तर शिडी चढणार कोण? मग काकांनी शिडाच्या आडव्या दांड्याला कप्प्या लावल्या, त्यांतून दोर ओवला आणि परत पाण्यात उतरले.

"हातपाय हलवायचे नाहीत," काकूंनी बजावलं.

त्यांनी जाकिटात आकडा अडकवला, दोर ओढायला घेतला. काका इंच इंच वर आले, दांड्याखाली लोंबकळले आणि धपकन फळ्यांवर उतरले. नवऱ्याचा ओला हात घट्ट धरून काकू हमसून हमसून रडल्या.

"अगं, आलो ना वर?" काका म्हणाले.

"आलात," काकू म्हणाल्या, आणि तरी त्यांनी हात सोडला नाही.