हिरामणची सावड

सत्तावीस वर्षं मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात काळा कोट घालून वावरते आहे. खटला हरला म्हणून माझ्यावर डाफरणारी माणसं ढिगाने पाहिली. खटला जिंकून दिला म्हणून माझ्यावर राग धरणारा एकच भेटला. त्याचं नाव हिरामण. हरसूलच्या पुढे डोंगरात एका पाड्यावर राहणारा, भात आणि नागली पिकवणारा माणूस. आरोप जिवलग मित्राच्या खुनाचा होता, आणि गरिबांना सरकारतर्फे वकील देतात त्या यादीतून तो माझ्या वाट्याला आला होता.

त्या मित्राचं नाव यादव. दोघांची भातखाचरं बांधाला बांध लागून होती आणि आवणीला, म्हणजे भाताची रोपं लावायला, दोघं जोडीने उतरायचे. हिरामण रोपांची मूठ घेऊन मागे सरकत लावत गेला की त्याच्या ओळीला दोरी धरून बघा, असं पाड्यावरची माणसं कौतुकाने म्हणत. तिथे सावडीची पद्धत आहे. आवणी चार दिवसांत उरकावी लागते आणि एका घराच्या हातांनी ती उरकत नाही. म्हणून आज सगळे तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. जो माझ्याकडे एक दिवस आला त्याच्याकडे मी एक दिवस जायचंच. मजुरीबिजुरीचा विषय नाही. पण कोणाची सावड न फेडता वर्ष काढणं म्हणजे चारचौघांत नाक कापून घेणं.

तिशी उलटल्यावर हिरामणला नसलेल्या माणसांचे आवाज ऐकू यायला लागले. आधी भगत झाला, कोंबडं झालं, मग कोणीतरी त्याला नाशिकच्या सरकारी दवाखान्यात आणलं. गोळ्या सुरू झाल्या आणि दोन वर्षं त्याचं चांगलं चाललं. पुढे तो दिंडोरीकडे द्राक्षबागेत छाटणीला गेला. गोळ्यांमुळे त्याला सकाळी जाग येईना, हात जड पडत, आणि मुकादम सगळ्यांदेखत त्याची झोपाळू म्हणून टर उडवी. एके दिवशी हिरामणने उरलेल्या सगळ्या गोळ्या बागेच्या पाटात टाकून दिल्या.

दीड महिन्याने तो गावी परतला तोवर आवाजही परतले होते. समोर दिसतो तो यादव नाही, त्याच्या कातडीत दुसरंच काही शिरलंय आणि ते सगळ्या पाड्याचा जीव घेणार, अशी त्याची खात्री झाली. भातकापणी उरकल्यावर एका सकाळी ओढ्याच्या वाटेवर त्याने यादववर कोयता चालवला. पळून गेला नाही, तिथेच बसून राहिला. लोक धावत आले तेव्हा तो त्यांना म्हणाला की आता घाबरू नका, पाडा वाचला.

मी त्याला पहिल्यांदा तुरुंगात भेटले तेव्हा औषधं पुन्हा सुरू होऊन चार महिने झाले होते. किडकिडीत, शांत माणूस, नजर जमिनीवर. मी त्याला कलम चौऱ्याऐंशी समजावून सांगितलं. मनाच्या आजारामुळे आपण काय करतोय, किंवा ते चूक आहे, हे ज्याला त्या घटकेला कळत नव्हतं, त्याचं ते कृत्य गुन्हा धरत नाहीत. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"कोयता मारला त्या दिवशी मी मी नव्हतो, ते खरं हाय," तो म्हणाला. "पन गोळ्या टाकल्या त्या दिवशी मी शाना होतो, मॅडम. डाक्टरनी बजावलं होतं, गोळ्या सोडल्या तर परत होईल. मला ठाव होतं."

मी आजूबाजूला पाहिलं आणि त्याला दटावून गप्प केलं. हे पुन्हा कोणापुढे बोलायचं नाही, विचारतील तेवढ्याचंच उत्तर द्यायचं, असं दोनदा वदवून घेतलं. यात माझं काय चुकलं? अशिलाने विश्वासाने सांगितलेलं बाहेर फोडायचं नाही, हा माझ्या धंद्याचा पहिला धडा आहे. शिवाय कायदा पाहतो ती कृत्याची घटका, दीड महिना आधीची नव्हे. आणि गोळ्या सोडणारे हजारो असतात, ते काय सगळे कोयता उचलतात? पाटाशी उभं असताना याच्या डोळ्यांसमोर मुकादमाची टर होती, मित्राचं मढं नव्हतं. ही सगळी उत्तरं मी स्वतःला इतक्या वेळा दिली आहेत की ती आता तोंडपाठ झाली आहेत.

खटल्यात गोळ्यांचा विषय आला, पण अर्धवट. डॉक्टरांनी आजाराबद्दल स्वच्छ साक्ष दिली, औषध खंडित झाल्याचं सांगितलं. ते कोणी आणि का खंडित केलं हे सरकारी वकिलांनी विचारलं नाही. मी कशाला विचारीन? न्यायाधीशांनी हिरामणला विचारलं तेव्हा त्याने "मीच मारलं" एवढंच सांगितलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी फायलीत डोकं घातलं. काही दिवसांनी निकाल लागला की कृत्य त्यानेच केलं, पण तो दोषी नाही. त्याला मनोरुग्णालयात ठेवावं.

व्हरांड्यात दोन पोलिसांच्या मध्ये उभा राहून त्याने मला विचारलं, "मग यादवला मारलं कोनी?"

मी खुशीत होते. म्हटलं, तूच मारलंस, पण त्याचा दोष तुझ्यावर नाही. त्याने विचारलं, मग कोणावर आहे? मी म्हटलं, कोणावरच नाही. तो वळून पोलिसांबरोबर चालू लागला. मला वाटलं, आभार मानायची रीत नसेल यांच्याकडे. स्वतःवर खूश असलेल्या वकिलाला एवढंच कळतं.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी बरा म्हणून लिहून दिलं आणि त्याची बायको कुसाबाई त्याला घरी घेऊन गेली. पुढे वर्षभराने ती माझ्या ऑफिसात आली. मी धसकले. पण तसं काही नव्हतं. गोळी रोज रात्री तिच्यासमोर घेत होता, महिन्याला दवाखान्यात येत होता, मुलीच्या शाळेचा दाखलाही स्वतः जाऊन आणला होता. तक्रार वेगळीच होती. पाड्यावर त्याला कोणी वाईट बोलत नव्हतं.

मी म्हटलं, ही तक्रार आहे का? तेव्हा ती सांगत बसली. कोणाची जनावरं हिरामणच्या रोपांत शिरली, तो तावातावाने भांडायला गेला, तर शेजारच्या दिनेशने हसून घेतलं आणि जनावरांच्या मालकाला म्हणाला, बोलू दे, त्याचं काय मनावर घ्यायचं. गावाच्या बैठकीत तो पाण्याच्या टाकीबद्दल बोलला, सगळे बरं बरं म्हणाले आणि पुढच्या विषयाला लागले. लग्नाच्या पंगतीत त्याला आधी वाढून घरी लावून देतात. आणि सावडीला कोणी बोलवत नाही. हा आपण होऊन गेला तर कशाला त्रास घेतोस म्हणून परत पाठवतात. याचा दिवस कोणी घेतला नाही, त्यामुळे याच्या खाचरात कोणी उतरलं नाही. नवरा-बायकोने मिळून जमेल तेवढं लावलं, बाकीची दोन खाचरं तशीच राहिली.

मी तिला म्हटलं की तुरुंगापेक्षा हे बरं नाही का? कुसाबाईने पदराने तोंड पुसलं आणि नवऱ्याचा निरोप सांगितला. तुमी मला सोडवलं, पन मानसातून उठवलं. मला हे फार लागलं. कृतघ्न माणूस, असंही वाटलं. आठवडाभर मी घरी सगळ्यांवर खेकसत होते.

यंदाच्या जुलैत कुसाबाईचा फोन आला. ती रडत होती. हिरामण भागीबाईच्या खाचरावर गेला होता. भागीबाई म्हणजे यादवची बायको. नवरा गेल्यापासून सात वर्षांत या बाईने हिरामणबद्दल वावगा शब्द काढला नव्हता. देवाची करणी, येडं मानूस ते, असं म्हणायची आणि त्याच्याकडे न बघता निघून जायची. त्या दिवशी तिच्याकडे पंधरा माणसं आवणीला होती. हिरामण बांधावर उभा राहिला आणि सगळ्यांच्या देखत पाटात टाकलेल्या गोळ्यांचं सांगून मोकळा झाला. डॉक्टरांनी बजावलं होतं तेही सांगितलं, आणि तेव्हा मी शाना होतो, हेही. दिनेश म्हणाला, याला कोणीतरी घरी न्या रे. पण भागीबाई कंबर सरळ करून उभी राहिली आणि तिने तोंड सोडलं. अर्धा तास. त्याची आई, आजी, पूर्वज, कोणी सुटलं नाही. हातातली रोपांची मूठ तिने त्याच्या तोंडावर फेकली. ती थकून गप्प झाली तेव्हा हिरामणने ती मूठ उचलली, खाचराच्या लांबच्या टोकाला उतरला आणि लावायला लागला. तिच्याकडची भाकरी त्याने खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेला, तिसऱ्या दिवशीही. ती बोलली नाही आणि तिने हाकललंही नाही.

मी फोनवर हिरामणची चांगलीच हजेरी घेतली. सुटलेल्या खटल्यात पुन्हा धरत नाहीत, पण उद्या भागीबाईच्या भावांनी हातपाय मोडले तर? तुला हे उकरायला सांगितलं कोणी? त्याने सगळं ऐकलं आणि म्हणाला, बरं, आता ठेवतो, रोपं उपटायची हायेत. रविवारी मी स्वतःच गाडी काढली. भागीबाईला भेटून तिची समजूत घालायची, प्रकरण मिटवायचं, असा माझा बेत होता. मिटवायची खोडच जडलीय मला.

भागीबाई घरी नव्हती. तिची सून म्हणाली, हिरामणच्या खाचरात गेलीय. तिथे भांडणच जुंपलं असणार, असं मला वाटलं. मी पायातल्या चपला हातात घेऊन बांधावरून घसरत धडपडत गेले. बघते तर भागीबाई गुडघाभर चिखलात वाकलेली, तिच्यासोबत तिच्या दोघी जावा. तिघी लावत होत्या. पलीकडे हिरामण आणि कुसाबाई. गेल्या वर्षी पडीक राहिलेलं खाचर निम्मं हिरवं झालं होतं. बांधावर दिनेश आणि आणखी चारपाच जण उभे होते, आणि दिनेश त्याच्या नेहमीच्या समजूतदार आवाजात म्हणत होता, "काकू, येड्याची कसली सावड फेडता?"

भागीबाई वाकूनच बोलली. "येडा म्हनून सात वरसं गप बसले मी. माझा मानूस गेला आनि मला राग करायला कोनी उरलं नव्हतं. येड्याला शिव्या देत नाय कोनी. याला दिल्या मी, पोटभर दिल्या. यानं तीन दिस माझ्याकडं लावलं, आज आमी तिघी आलो. याचे दिस माझ्यावर कशाला ठेवू?"

कुसाबाई तोंडात पदर धरून रडायला लागली. भागीबाईने तिच्याकडेही पाहिलं नाही. "माफ नाय केलं," ती म्हणाली. "करनार बी नाय."

हिरामण म्हणाला, "व्हय, वहिनी." आणि पुढची मूठ घेतली.

मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. खटल्याच्या वेळी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात मी तिला दीड तास उभं केलं होतं, तुमचा नवरा आणि आरोपी यांचं भांडण नव्हतं ना, हे पुन्हा पुन्हा विचारत. तिने मला ओळखलं. "गोळ्यांचं तुमाला ठाव होतं?" तिने विचारलं.

अशा प्रश्नाला उत्तर न देण्याचे किमान पाच रस्ते मला येतात. मी म्हटलं, "होतं."

"कधीपासून?"

"पहिल्या भेटीपासून."

तिने कंबर सरळ केली. मला वाटलं, आता माझे पूर्वज निघणार. निघायला हवे होते. ती म्हणाली, "मग वर कशाला उभ्या? उतरा."

मी पन्नाशी उलटलेली बाई, गुडघे दुखतात, अंगावर बरा सलवार-कुर्ता होता. उतरले. कुसाबाईने हातात रोपांची मूठ दिली. मी इकडे एक, तिकडे एक अशी खोचत गेले, आणि दहा मिनिटांत माझी ओळ थेट हिरामणच्या ओळीत घुसली. त्याने मागे वळून पाहिलं. आज त्याची नजर जमिनीवर नव्हती.

"मॅडम, हे काय चाललंय?" तो चिडून म्हणाला. "एवढं खोल दाबलं की रोप कुजतं. जमत नसंल तर वर जा. माझं खाचर नासवू नका."

मी दिनेशकडे पाहिलं. आता तो हसेल, बोलू दे म्हणेल, असं वाटलं. बांधावर कोणी हसलं नाही. भागीबाईने मान वर न करता हात चालू ठेवला. मी म्हटलं, "चुकलं माझं," आणि लावलेली रोपं उपटून ती ओळ पहिल्यापासून लावायला घेतली.