पेटीतलं पेटीत

मुकुटबनच्या रस्त्यावरच्या त्या शाळेत सत्यशीला मॅडम आल्या आणि नागरिकशास्त्राच्या तासाला पोट्टे झोपायचे बंद झाले. ही काही लहानसहान गोष्ट नाही हो! नागरिकशास्त्र म्हणजे इतिहासाच्या पुस्तकाला मागून लागलेलं शेपूट, परीक्षा तोंडावर आली की वाचून टाकायचं, असं बाकीच्या गुरुजींचं मत. मॅडम मात्र संविधान शिकवायच्या ते घरातली गोष्ट सांगितल्यासारखं.

त्यांच्यासाठी ती घरातलीच होती. त्यांचे वडील भीमराज केळापूरचे. मतदानाच्या दिवशी हा माणूस सकाळीच आंघोळ करून, धुतलेला पांढरा सदरा घालून असा निघायचा की पाहणाऱ्याला वाटावं, लग्नाला चालला. परत आला की बायको हटकून विचारायची, "कोनाले देल्लं जी?" भीमराज हसायचे. "पेटीत टाकलं. आता पेटीतलं पेटीत." गावच्या पाटलानं दमात घेऊन विचारलं, तरी तेच उत्तर. बायकोला नाही अन् पाटलालाही नाही. लहानग्या सत्यशीलाला बापाचा तेव्हा केवढा अभिमान वाटायचा!

मॅडम ही गोष्ट दरवर्षी सहावीच्या पोरांना सांगायच्या. मग शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक. प्रचार, भाषणं, बोटाला शाई, खोक्याला चीर पाडून केलेली पेटी, सगळं अगदी खऱ्यासारखं. वहीचं पान फाडायचं, उमेदवाराचं नाव लिहायचं, घडी घालून पेटीत टाकायचं. "तुमचं मत कोणालाच कळणार नाही," मॅडम बजावून सांगायच्या.

आणि इथंच बाईंनी माती खाल्ली. अहो, जी बाई रोज ढीगभर वह्या तपासते, तिला पोरांचं अक्षर ओळखू येणार नाही तर कोणाला? घडी उघडली की चिठ्ठी कोणाची ते कळायचंच. मॅडमना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. कळलं तर कळलं, सांगायचं थोडंच आहे कोणाला!

गेल्या वर्षी मुख्यमंत्रिपदाला अर्पिता आणि नयन उभे होते. नयन हा रामरावांचा मुलगा. रामराव म्हणजे शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, गावात कापूस अन् तुरीची सगळ्यात मोठी शेती त्यांची. नयन एका मतानं पडला. दुसऱ्या दिवशी रामराव ऑफिसात चहा प्यायला आले ते हसतहसतच.

"काय मॅडम, आमचं पोट्टं पाडलं तुमी! तेही एका मतानं! फुलसिंगच्या पोरीचं तं असनच त्याले?"

फुलसिंग रामरावांचा सालगडी. त्याची मुलगी उर्वशी सहावीत, बसायची पहिल्या बाकावर अन् प्रश्न विचारून भंडावून सोडायची. मॅडमचा जीव होता तिच्यावर. तिचं नाव निघालं आणि बाईंचा ऊर असा भरून आला की तोंडाला लगाम राहिला नाही.

"नाही हो रामरावजी. उर्वशीनं अर्पिताला दिलं. पाहा ना, किती स्वतंत्र विचाराची पोरगी!"

शब्द सुटला आणि मॅडमनी जीभ चावली. रामराव मात्र मांडीवर थाप मारून हसले. "अरे वा! घरातच विरोधी पक्ष!"

पुढच्या सकाळी परिपाठ संपतो न संपतो तोच फुलसिंग उर्वशीचं मनगट धरून दारात उभा.

"मॅडम, पोट्टीची चूक झाली. तिले समजत नाही. तेवढं मत बदलवून घ्या."

"अहो फुलसिंगभाऊ, मत असं बदलत नसतं. आणि तिची काहीच चूक नाही. रामरावजी काही बोलले का?"

"बोलले नाही जी, हासले. समद्या मजुराइच्या मंधात म्हने, तुह्या पोरीनं आमाले पाडलं." फुलसिंगनं मान खाली घातली. "पाडव्याले साल संपते माह्यं, मॅडम. पुढं ठेवाचं का नाही, त्यायच्याच हातात हाये."

उर्वशी इतका वेळ मॅडमकडं टक लावून पाहत होती. "तुमाले कसं मालूम पडलं, मॅडम?" तिनं विचारलं. "तुमी तं म्हनलं होतं, पेटीतलं पेटीत."

खरं सांगायला काय झालं होतं? तुझं अक्षर ओळखलं, नको ते बोलले, चुकले, एवढंच तर म्हणायचं होतं. पण बाईंना ते जमलं नाही. "जा, वर्गात बस," म्हणाल्या.

संध्याकाळी त्या रामरावांकडं गेल्या. रामरावांनी हात झटकला. "मॅडम, मजाक होता तो! पोट्टायच्या खेळाचं काय घेऊन बसल्या तुमी?" माणूस मनानं वाईट नव्हता. पाडव्याला त्यानं फुलसिंगला पुन्हा सालावर ठेवलंसुद्धा. म्हणजे काहीच बिघडलं नाही, असं कोणीही म्हणेल.

बिघडलं होतं ते मॅडमना वर्गात दिसायचं. उर्वशीचा हात वर येईनासा झाला. नयनचा आणि तिचा वर्ग एकत्र बसला की मॅडम मुद्दाम तिला विचारायच्या, "तुला काय वाटतं गं?" पोरगी आधी नयनकडं पाहायची, मग म्हणायची, "तो म्हनते तेच." मॅडमना वाटायचं, हे शिकवायला आलो होतो का आपण इथं?

दिवाळीत माहेरी गेल्या तेव्हा त्यांनी वडिलांना सगळं सांगितलं. भीमराज आता थकलेत, कमी बोलतात. शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मले पाटलानं धमकावलं, तरी मी सांगतलं नाही. अन् तू एका कप चायवर सांगून देल्लं?" त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मॅडम त्या रात्री जेवल्या नाहीत.

यंदा त्यांनी सगळंच बदललं. हातानं लिहायचं बंद. छत्री, पतंग अशी चिन्हं छापलेल्या चिठ्ठ्या आणि रबरी शिक्का. नयन पुन्हा उभा होता, त्याला पतंग मिळाला. फ्रिजच्या खोक्याचा आडोसा केला. मतदानाआधी वर्गासमोर उभ्या राहून म्हणाल्या, "मागच्या वर्षी मी तुमचं अक्षर ओळखलं, आणि एकाचं मत बाहेर बोलले. चूक माझी होती. मी तुमची माफी मागते." अशा वेळी काय करायचं असतं, हे पोरांना कुठं ठाऊक? मागच्या बाकावरच्या विक्कीनं टाळी वाजवली, कोणी साथ देईना म्हणून थांबवली. उर्वशी खाली पाहत होती.

तिची पाळी आली. खोक्याआड गेली आणि उघडी चिठ्ठी हातात धरून बाहेर आली, सगळ्या वर्गाला दिसेल अशी.

"पाहून घ्या, मॅडम. पतंगले देल्लं. नयनले."

त्यात टोमणा नव्हता हो. तो असता तर मॅडमनी आनंदानं सोसला असता. पोरगी मनापासून सांगत होती, मॅडमना पुढं सांगायला सोपं जावं म्हणून.

मॅडमनी ती चिठ्ठी घेतली, फाडली, कोरी हातात दिली. "दाखवलेलं मत बाद होतं, उर्वशी. पुन्हा जा. आणि सगळ्यांनी भिंतीकडं तोंड करा!" वर्गानं पाठ फिरवली. मॅडमनीही फिरवली. बऱ्याच वेळानं शिक्का उठल्याचा आवाज आला, मग चिठ्ठी पेटीत पडल्याचा. मोजणी त्यांनी दुसऱ्या गुरुजींकडून करून घेतली. नयन जिंकला, चांगल्या मतांनी. कोणाचं मत कोणाला, हे आता ब्रह्मदेवालाही कळणार नव्हतं. मॅडमना वर्षभरात पहिल्यांदा जरा हलकं वाटलं.

दुपारी रामराव पेढे घेऊन आले. मागं खोका धरून फुलसिंग. पोरांची रांग लागली. रामरावांनी पेढा मॅडमच्या हातावर ठेवला आणि डोळे मिचकावले.

"काय मॅडम, औंदा फुलसिंगच्या पोट्टीनं कोनाले देल्लं?"

मॅडम याच प्रश्नाची वर्षभर वाट पाहत होत्या. बापाच्या ठसक्यात म्हणाल्या, "मला माहीत नाही, रामरावजी. कोणालाच माहीत नाही. पेटीतलं पेटीत."

"नयनले देल्लं, काका!" रांगेतून आवाज आला. उर्वशी घाईघाईनं पुढं आली होती. "मॅडमले दाखवलं बी होतं मी. विचारा पाह्यजेन तं साऱ्यायले."

रामराव खूश होऊन हसले, तिच्या हातावर दोन पेढे ठेवले. फुलसिंगचा जीव भांड्यात पडला. त्यानं खोका काखेत धरला आणि मॅडमकडं पाहून दोन्ही हात जोडले. "तुमची मेहरबानी, मॅडम," म्हणाला. "पोट्टीले चांगलं शिकवलं तुमी."