मयेचा गावठी, पेडण्याचा हायब्रीड

शर्मिलाने ऑफिसच्या ग्रुपवर फोटो टाकला तेव्हा मी मये गावात एका परसात मेलेलं टोमॅटोचं झाड उपटत होते. फोटोत ती स्वतः होती आणि तिच्या हातात टोमॅटोचा घोस होता. लालभडक, सगळे एका मापाचे. खाली लगेच साहेबांचा अंगठा आला, मग बाकीच्यांचे. मी फोन पर्समध्ये टाकला आणि झाड जरा जास्तच जोरात ओढलं.

मी गोव्याच्या कृषी खात्यात आहे, डिचोली तालुक्यात. शर्मिला पेडण्यात. आम्ही एकाच कॉलेजात शिकलो आणि एकाच वर्षी नोकरीला लागलो. तेव्हापासून मी तिचा हेवा करते. हे मी कोणापासून लपवत नाही, फक्त तिला सांगत नाही. दिवसभर शेतं तुडवूनही तिच्या चपला स्वच्छ असतात. लोक तिला शहाळी देतात आणि मला तक्रारी देतात. साहेब तिला नावाने हाक मारतात आणि मला “डिचोली” म्हणतात.

त्या हिवाळ्यात खात्याने घरगुती टोमॅटोची ट्रायल घेतली होती. ट्रायल म्हणजे वेगवेगळ्या जाती शेजारी शेजारी लावून कोणती कशी चालते ते बघायचं. दोन्ही तालुक्यांत काही घरं निवडली आणि प्रत्येक घराच्या परसात चार जाती लावल्या. एक हायब्रीड, एक चेरी, एक लांबट जाड सालीचा, आणि एक गावठी. रोपं सरकारी फार्मवर एकत्रच वाढवलेली होती. दिवाळी झाल्यावर ती वाटली. कुठल्या झाडाला किती फळ येतं, कुठलं किती टिकतं आणि घरच्यांना कुठलं आवडतं हे आम्ही बघायचं. जी जात जिंकेल तिचीच रोपं पुढे खातं लोकांना वाटणार होतं.

यातला गावठी माझा होता. माझा म्हणजे, बी मी मयेतल्याच एका परसातून मिळवलं होतं आणि कित्येक वर्षं दर मोसमात चांगल्या झाडाचं चांगलं फळ निवडून पुढे नेलं होतं. आमच्या भाषेत याला सिलेक्शन म्हणतात. दिसायला तो काही खास नाही. चपटा, भोपळ्यासारख्या फाका पडलेला, साल पातळ. पण चव अशी आंबट की माशांच्या कालवणात, आमच्या हुमणात, घातला तर कोकमाची सोलं निम्मीच लागतात. साहेबांनी त्याच्यासाठी फार्मवर एक वाफा दिला होता, तोही माझ्या तोंडाकडे बघून. ट्रायलमध्ये गावठी हरला तर वाफा काढून घेणार असं त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं. वाफा गेला की बी गेलं. माझ्या घरी गॅलरीत चार कुंड्या मावतात, तेवढ्यात जात टिकत नाही.

आणि गावठी मरत होता. सकाळी ताजं असलेलं झाड दुपारी मान टाकायचं, पानं हिरवीच राहायची, आणि दोनतीन दिवसांत सगळं संपायचं. याला मर रोग म्हणतात. जंतू मातीतून मुळात शिरतो आणि पाणी वर जाऊच देत नाही. ओळखायची सोपी रीत आहे. खोडाचा तुकडा कापायचा आणि काचेच्या ग्लासात पाण्यात धरायचा. कापलेल्या बाजूने दुधासारखी धार पाण्यात उतरू लागली तर मर. आमच्या तांबड्या, आंबट मातीत हा जंतू मजेत राहतो. वांगं, मिरची, टोमॅटो ही सगळी त्याचीच गिऱ्हाईकं. मी मयेत ज्या ज्या घरी ग्लास मागितला त्या त्या घरी धार दिसली.

हायब्रीड मर रोगाला टिकेल हे मला ठाऊक होतं, त्यासाठीच तो बनवलेला आहे. माझ्याकडेही तो टिकला होता. पण पेडण्यात तो नुसता टिकला नव्हता, माझ्याकडच्या दुपटीने फळला होता. तेच बी, तीच रोपं. शर्मिलाच्या हातात कमाल आहे असं ऑफिसात बोलू लागले. माझ्या पोटात दुखू लागलं ते तेव्हापासून. हातात कमाल म्हणजे काय? हात तर मलाही आहेत.

खात्याचा नियम असा की अंतिम मीटिंगआधी एका तालुक्याच्या अधिकाऱ्याने दुसऱ्याचे प्लॉट बघून यायचे. याला क्रॉस व्हिजिट म्हणतात. बहुतेक जण चहा घेऊन, सही करून परततात. मी मात्र चहा घ्यायचाच नाही असं ठरवून गेले.

शर्मिला स्वतः मला घेऊन फिरली. मोप्याजवळची दोन घरं बघितली. दोन्हीकडे हायब्रीड जोरात आणि शेजारचा गावठी किडकिडीत. मग फेरीबोटीने नदीपलीकडे तेरेखोलला गेलो. तिथे पार्वतीवैनी म्हणून एक बाई, घर नदीच्या जवळ. त्यांच्या परसातला हायब्रीड बघून मला घामच फुटला. पानं काळीभोर हिरवी आणि हाताएवढी. शर्मिला कौतुकाने फोटो काढत होती. मी फोटो काढण्याच्या मनःस्थितीत नव्हते, म्हणून खाली बघितलं. हायब्रीडच्या बुंध्याशी दोन मांजरं बसली होती. गावठीकडे एकही नव्हतं, चेरीकडेही नव्हतं. वाकले तर मातीला वास आला, आणि मातीत बांगड्याचे खवले चमकत होते.

मी पार्वतीवैनींना विचारलं की मासे धुतलेलं पाणी तुम्ही कुठे ओतता. त्यांनी सहज हायब्रीडकडे बोट केलं. रोज? रोज. फक्त यालाच? आता त्या माझ्याकडे, हिला काहीच कसं कळत नाही, अशा नजरेने बघू लागल्या.

“गावठी ती घरचीच गो बाय, तिका काय व्हया? ह्यो पावणो, सरकारान धाडलेलो. पावण्याक नुस्त्याशिवाय कोण जेवण वाढता?”

शर्मिलाचा फोन धरलेला हात खाली आला. मला जो आनंद झाला तो इथे लिहिण्यासारखा नाही.

वाचकांसाठी सांगते. नुस्तं म्हणजे मासे. मासे धुतलेल्या पाण्यात नत्र असतं, म्हणजे युरियातून जे मिळतं तेच, थोड्या प्रमाणात. रोपाची वाढ चांगली होते. आमच्याकडे मिरचीला, माडाला, सगळ्याला ते ओततात, त्यात वाईट काही नाही. पण चार जातींची तुलना करायची आणि त्यातल्या एकीलाच रोज बाल्दीभर जेवण घालायचं, तर ती तुलना राहत नाही. मोप्याच्या दोन्ही घरी फोन करून विचारलं. तिथेही तेच. पाहुणा तो पाहुणाच. शर्मिलाची कमाल तिच्या हातात नव्हती, बांगड्यांत होती.

परतताना फेरीबोटीत ती कठड्याला टेकून उभी होती. तिने चिडावं, निदान सारवासारव करावी अशी माझी फार इच्छा होती. ती म्हणाली, “रिपोर्टात जसं आहे तसं लिही. चूक माझी, मी विचारायला हवं होतं.” मग थोड्या वेळाने तिने शांतपणे विचारलं, “तुझ्याकडे मयेत हे पाणी कुठे जातं?”

मी म्हटलं, माझ्याकडे असलं काही होत नाही. असं मी अगदी ठासून म्हटलं. रात्रभर मात्र तो प्रश्न डोक्यात राहिला, आणि दुसऱ्या दिवशी मी थेट मयेत सुमनवैनींच्या परसात जाऊन उभी राहिले. ट्रायलमधली माझी सगळ्यात जवळची बाई. माझा गावठी सगळ्यात आधी तिच्याकडेच मेला होता. बाजूला ओटीवर ती तारले मासे साफ करत होती. मी विचारलं, हे पाणी इतके दिवस कुठे घालत होतीस? तिने मोकळ्या जागेकडे मान हलवली, जिथून मीच झाड उपटलं होतं.

“तो तुमचो टोमॅटो न्हय मॅडम? ताका कमी पडलें आसतें जाल्यार तुमकां वायट दिसलें आसतें.”

ट्रायलच्या इतर घरांतही हेच. माझ्या गावात सगळ्यांना ठाऊक होतं की गावठी मॅडमचा. त्यामुळे मॅडमच्या लाडक्याला रोज नुस्त्याचं पाणी मिळत होतं. म्हणजे माझा टोमॅटो उपाशी मेला नव्हता, भरल्या पोटी मेला होता. वर, जास्त नत्र मिळालेलं झाड लुसलुशीत होतं, आणि लुसलुशीत झाड मर रोगाला लवकर सापडू शकतं. लोकांनी माझ्यावरच्या मायेने त्याला थोडं आधीच पोचवलं असण्याचीही शक्यता होती. मला त्या माणसांवर रागावताही येईना. मी सुमनवैनींकडे चहा घेतला आणि निघाले.

मीटिंगमध्ये मी फक्त पेडण्याचं सांगायचं असा माझा विचार होता. निदान सकाळपर्यंत तरी होता. पण शर्मिला माझ्याआधी बोलायला उठली. तिने माझं नाव घेऊन, माझं कौतुक करून, आपला सगळा डेटा बाद धरावा असं सांगितलं. इतकं नीट सांगितलं की लोक माझ्याकडे बघायचं सोडून तिच्याकडेच बघत राहिले. त्यानंतर गप्प बसणं मला शक्य नव्हतं. तिने मयेबद्दल विचारलं असतं तर? मग मीही मयेचं सांगितलं.

साहेबांनी चष्मा काढला. “म्हणजे तुम्ही दोघींनी मिळून टोमॅटोची नाही, बांगड्यांची ट्रायल केली.”

पुढच्या हिवाळ्यात सगळं पुन्हा केलं. या वेळी रोपांना फक्त रंगीत फिती बांधल्या, जातीचं नाव कोणालाच सांगितलं नाही, मॅडमचा कुठला तेही नाही. मासे धुतलेलं पाणी माडाला घालायचं आणि चारही टोमॅटोंना विहिरीचं साधं पाणी. आम्ही दोघी दर आठवड्याला अचानक जाऊन माती हुंगत होतो.

निकाल सरळ लागला. चेरी कुंडीत उत्तम, फळ भरपूर, पण भाजीला उपयोग नाही, येताजाता तोंडात टाकायला बरा. लांबट फ्रिजमध्ये खूप दिवस राहतो, आणि चवीच्या बाबतीत तेवढंच सांगण्यासारखं आहे. हायब्रीड दोन्ही तालुक्यांत जिवंत राहिला आणि बऱ्यापैकी फळला. गावठीची चव सगळ्या घरांनी पहिली लावली, आणि सगळ्यात आधी मेलाही तोच. ज्याला परसात एकदाच लावून निवांत राहायचं आहे त्याने हायब्रीड लावावा. हे वाक्य मी स्वतः रिपोर्टात लिहिलं.

हायब्रीडची रोपं वाटण्याचं दोन्ही तालुक्यांचं काम साहेबांनी शर्मिलाकडे दिलं. मला वाफा रिकामा करण्याची सूचना आली. त्या दिवशी मी जेवले नाही. तिने जिंकावं याचं दुःख होतंच, पण माझ्यामागे तो टोमॅटो राहणार नाही याचं जास्त होतं.

आठवड्याने तिचा फोन आला. “तुझं गावठीचं बी मला दे. वांग्याच्या मुळावर कलम करून बघते.”

हे तुम्हाला समजावून सांगते. काही रानवांग्यांची मुळं मर रोगाला दाद देत नाहीत. त्या रोपाचा शेंडा कापून त्यावर टोमॅटोचा शेंडा बसवायचा आणि छोट्या क्लिपने धरून ठेवायचा. जोड बसला की खाली वांग्याचं मूळ आणि वर टोमॅटोचं फळ. याला ग्राफ्टिंग म्हणतात. कॉलेजात आम्ही दोघी ते एकाच टेबलावर शिकलो होतो. गावठी माझा, दुःख माझं, आणि सुचलं तिला. मला का सुचलं नाही हे मी आजही स्वतःला विचारते. उत्तर मला माहीत आहे. मी इतके दिवस टोमॅटोकडे कमी आणि तिच्याकडे जास्त बघत होते.

मी बी वाळलेलं नाही असं सांगून काही दिवस काढले. मग एका रविवारी स्वतः नेऊन दिलं, कारण दुसरा वाफा कुठेच नव्हता. तिने कलमं केली. पहिली बरीचशी मेली, पुढची जगली. मयेच्या मातीत लावली आणि ती उभी राहिली. फळ तसंच, चपटं, फाकांचं, आंबट. मी एक कच्चाच खाल्ला आणि मला रडू आलं. शर्मिला समोर होती म्हणून मी खोकल्याचं सोंग केलं.

आता खात्याकडून हायब्रीडसोबत ही कलमंही मिळतात. माझा टोमॅटो वाचला. एखाद्याला जाती ताडून बघायच्या असतील तर माझा सल्ला एवढाच की सगळ्या झाडांना एकच पाणी द्या, आणि तपासायला कौतुक करणारं नाही, हेवा करणारं माणूस पाठवा. त्याच्या नजरेतून काही सुटत नाही. फक्त श्रेय त्याला मिळेल असं त्याला आधी सांगू नका.

परवा सुमनवैनी ऑफिसात आली होती. हसत हसत माझ्या टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, “मॅडम, शर्मिला मॅडमच्या गावठ्याचीं दोन कलमां जाय आसलीं.”

मी उठले आणि तिला चांगली बघून दोन कलमं दिली.