मामांचा संसार, आमचं कपाट

ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत मुंबईत येणाऱ्या नव्या मालाला मुलुंडच्या नाक्यावर जकात पडे. घर बदलणाऱ्यांचं वापरलेलं सामान मात्र सुटायचं. आमचं घर मुलुंडात आणि बायकोने पसंत केलेलं आरशाचं कपाट नाक्यापलीकडे, ठाण्यातल्या दुकानात. दुसऱ्या दिवशी तिचं हळदीकुंकू. कपाट बघायला या, म्हणून बिल्डिंगभर सांगून झालेलं. कपाट घेऊन आमच्याकडे उरलं फक्त टेम्पोचं भाडं.

"सोप्पं आहे," ठाण्याला राहणारे बायकोचे मामा म्हणाले, "कपाट एकटं नेऊ नका. संसार न्या."

संसार मामांचाच घेतला. मामी संध्याकाळपर्यंत बाहेर होत्या, म्हणून जमलं. स्टोव्ह, गाद्या, पोळपाट, केरसुणी, तुळशीची कुंडीसुद्धा. कपाट वापरातलं दिसावं म्हणून मी आरशावर बायकोच्या टिकल्या चिकटवल्या. जरा जास्तच झाल्या. आरशाला कांजिण्या आल्यासारखं दिसू लागलं.

नाक्यावरचा जकातवाला टेम्पोभोवती फिरला.

"घर हलवताय?"

"हो."

"मग देव कुठायत?"

"पुढे गेले," मामा म्हणाले.

"मागून येतायत," त्याच क्षणी मी म्हणालो.

"आधी तुमचं ठरवा." मग तो बायकोकडे वळला. "काय हो बाई, केरसुणी घेतलीत आणि देव विसरलात?"

बायको टेम्पोतून खाली उतरली.

"देव विसरून घर हलवणारी वाटले मी तुम्हाला? माझे देव माझ्या घरी आहेत. सकाळी पूजा करून निघालेय. कपाट कोरं आहे, फाडा पावती!"

"आणि बाकीचं?"

"ते मामांचं." मग माझ्याकडे बोट दाखवून, "आणि यांना जकात नाही ना पडत? वापरातले आहेत."

जकात मामांनी भरली आणि त्यांचा खिसा झाला रिकामा. टेम्पोवाला परत ठाण्याला फुकट यायला तयार नव्हता. मामी यायच्या आत संसार जागेवर जायला हवा होता. म्हणून बायको आणि कपाट टेम्पोतून मुलुंडात गेली. मामा आणि मी सामानासकट नाक्यावर उतरलो, ठाण्याकडे जाणाऱ्या कुणाच्या तरी दयेची वाट बघत. मी गादीवर, मामा कुंडीशेजारी.

एका ट्रकवाल्याने गाडी हळू केली.

"क्या हुआ चाचा, घर से निकाल दिया क्या?"

मामांनी स्टोव्ह मांडीवर घेतला आणि माझ्याकडे पाठ केली.