आण्णांचा मोडलेला सौदा

‘आण्णा गेले,’ एवढं सांगून त्यांच्या थोरल्या मुलानं, सुरेशनं, फोन ठेवला. मी म्हशींचा व्यापारी. सगळी कमाई तोंडाच्या जोरावर केली. त्या क्षणी मात्र शिवीसुद्धा सुचली नाही... महिना होत आला. आता सुचतात.

गडमुडशिंगीच्या महादूआण्णांनी आणि मी तरुणपणापासून एकत्र बाजार केला. मी ओरडायचो, ते टॉवेलाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून भाव ठरवायचे. त्यांनी हात झटकून बाहेर काढला की सौदा मोडला. मग कुणाचं ऐकायचे नाहीत. पुढं त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि शब्द अडू लागले. तेही माणसं बघून. माझ्यासोबत चहा पिताना सरळ बोलायचे. तिसरा कुणी येऊन टेकला, ‘काय आण्णा, सापडला का शब्द?’ म्हणून हसला, की संपलं.

हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणूनच सुरेशनं आण्णांच्या गोठ्यातल्या म्हशी विकायचा विषय भावकीपुढं काढला, असं मी आजही म्हणतो. घराचा पुढचा सोपा माणसांनी भरला होता.

“आण्णा, बोला की. म्हशी इकायच्या का न्हाय?”

आण्णांचे ओठ नुसते हलले. कपाळावर घाम आला.

“दम खावा, गाडी तापतीया,” कुणीतरी म्हणालं. सोपा हसला.

शेजारी मी होतो. आण्णांनी माझा हात टॉवेलाखाली ओढला, घट्ट धरला आणि झटकून सोडला.

“न्हाय म्हणत्यात आण्णा!” मी उठून ओरडलो. “सौदा मोडलाय!”

“पावणं, आमचा बाप तुमच्या तोंडानं बोलणार व्हय?” सुरेश म्हणाला. “त्यांनी सांगू दे की. आम्ही काय तोंड बांधलंय त्यांचं?”

आण्णा खाली बघत राहिले. गप बसले म्हणजे कबूल, असं भावकीनं ठरवलं. दोन दिवसांत टेम्पो आला.

म्हशी गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडायच्या तयारीनंच गेलो. मोकळ्या गोठ्यातून आवाज येत होता. “चंद्रे, खा की गं. रुसलीस व्हय? तुला इकू देत न्हाय मी...” एकेका खुंट्यापाशी थांबून आण्णा बोलत होते, कुठंही न अडखळता. मी दारात आलो. त्यांनी वळून पाहिलं, तोंड उघडलं... आणि शब्द आला नाही. माझ्यापुढंही.

नंतर कधीच आला नाही. गोठ्यात आता सुरेशची मोटार असते. म्हशींचं एक वेळ सोडून देईन. पण त्या एका बैठकीनं मलाही त्यांच्यासाठी चारचौघांतलाच एक करून टाकलं, ते मी सोडणार नाही.