शेवंताबाईंची चप्पल

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — आणि तिच्यापासून लपवण्यासारखं माझ्याकडे दुसरं काही नाही. मग तुम्हालाच का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

माझं काम फरशी मोजायचं. म्हणजे ती किती घसरते, ते. बुटात वजन ठेवायचं, त्याला ताणकाटा अडकवायचा आणि हळूहळू ओढायचं. बूट जागचा हलला की आकडा टिपायचा. आकडा मोठा, तर फरशी पाय धरते. लहान असला, तर पडायची भीती. लहान मुलं गाडी ओढतात तसा मी कारखान्यांतून बूट ओढत हिंडलो.

खामगावच्या एका तेल गिरणीत असाच गेलो होतो. सरकीचं तेल, त्यामुळे जमीन कायम ओशट. शेवंताबाई तिथे ढेपेच्या, म्हणजे तेल काढून उरलेल्या पेंडीच्या, टोपल्या उचलायच्या. पाय सरकू नये म्हणून आपल्या जागेवर लाकडाचा भुसा टाकायच्या, आणि तो ढेपेत जातो म्हणून मॅनेजर रोज त्यांच्यावर खेकसायचा. माझ्या बुटाचे आकडे सगळे चांगले आले. कागद भरत आला होता. तेवढ्यात त्या पायातली चप्पल काढून पुढे आल्या.

"साहेब, आमच्या पायात बूट कुठी हाये? हे माही चप्पल ओढून पाहा ना."

तळ पार गुळगुळीत झालेला. मी तिच्यावर वजन ठेवलं, काटा लावला — आणि ताण बसायच्या आतच ती सरकली. पुन्हा ओढली. पुन्हा तेच. हे लिहायचं म्हणजे अख्खी गिरणी चपलेवर मोजायची, मॅनेजरशी वाद घालायचा... आणि मला चारची एस.टी. गाठायची होती. एवढंच. याहून मोठं कारण मी खूप शोधलं, नाही सापडलं.

"मंग भुसा नाई टाकला तं चालन ना?"

"चालेल," मी म्हणालो. "फरशी चांगली आहे."

काटा माझ्या हातात होता, त्यांनी विश्वास ठेवला. भुसा बंद केला. पंधरा दिवसांनी टोपलीसकट पडल्या. खुबा मोडला.

मी दवाखान्यात गेलो. खरं सांगायलाच निघालो होतो — निदान जिन्यापर्यंत तरी. मला पाहून त्या उठायला लागल्या, उठता येईना. खाटेशेजारी बसलेल्या आपल्या मुलीला म्हणाल्या, "हेच ते साहेब. यायनं मोजली व्हती फरशी. माह्यंच ध्यान नव्हतं." मग माझ्याकडे पाहिलं. "नाई का, साहेब?"

मी हो म्हणालो.

आजही काटा हातात घेतला की त्या चपलेचं सरकणं आधी बोटांना कळतं. मला माझी लाज वाटते.

शेवंताबाईंच्या जागेवर आता ती मुलगी टोपल्या उचलते. पायात चप्पलच. भुसा ती टाकत नाही. फरशी चांगली असल्याचा कागद तिथे भिंतीवर लावलेला आहे, खाली माझी सही आहे.