देशमुखांच्या विहिरीचं वर्तुळ

"हे वर्तुळ एवढं मोठं कुणी केलं?"

"मीच केलं, साहेब," मुनीरमियाँ म्हणाले. तहसिलीत नकाशे काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता, म्हणून माझ्या वैद्यकीय पेपरच्या फिगरला, म्हणजे आकृतीला, मी त्यांनाच बसवलं होतं. "देशमुखसाहेबांची विहीर हाय. टिकलीएवढी कशी दाखवावी? बेअदबी हुईल."

मी कपाळाला हात लावला.

तेव्हा मी गेवराईजवळच्या एका गावी सरकारी दवाखान्यात डॉक्टर होतो. गावात नारूने उच्छाद मांडला होता. नारू म्हणजे पाण्यातून पोटात जाणारा आणि वर्षभराने पायातून बाहेर पडणारा हातभर लांब जंत. रोगी बारवेच्या, म्हणजे गावच्या पायविहिरीच्या, पायऱ्या उतरून पाण्यात पाय बुडवत आणि तेच पाणी गाव पीत असे. पायऱ्या बुजवा, रहाट बसवा, असं जिल्ह्याच्या कचेरीला सांगून मी थकलो होतो. जर्नलात छापून आलं तर तरी ऐकतील, म्हणून हा पेपर.

पेपरच्या टेबलात, म्हणजे तक्त्यात, कोणत्या विहिरीचे किती रोगी, ते होतं. फिगरमध्ये गावाचा नकाशा. जिथले रोगी जास्त, तिथलं वर्तुळ मोठं. देशमुखांच्या घरची विहीर रहाटाची, तिचा रोगी एकही नाही, म्हणून नुसता ठिपका. हे सगळं मियाँना पढवलं होतं. पण त्यांची हयात महसुली नकाशांत गेलेली. त्यांनी वर सोनेरी किनारही ओढली होती!

"मियाँ, हा मानपान नाही, रोग आहे. दुसरी काढा."

तोंड वाकडं करून त्यांनी काढली. ती जर्नलला गेली. छापायच्या परवानगीसाठी पेपरची एक प्रत जिल्ह्याच्या कचेरीत गेली, तिला फिगर मियाँनीच जोडली.

काही दिवसांनी हुकूम आला. देशमुखांची विहीर नारूचं मूळ, सबब ती बंद. टेबल कुणी वाचलंच नव्हतं.

"मियाँ, कचेरीला जुनी फिगर लावलीत?"

"लई झाक जमलती, साहेब. फेकावी कावून?"

मी खुलासे लिहिले. उत्तर नाही. तोवर देशमुखांचे गडी हंडे घेऊन बारवेवर जाऊ लागले. मग स्वतः देशमुख दवाखान्यात आले, लालबुंद होऊन.

"डॉक्टर, त्या पाण्यात लोकं नारूचे पाय बुडवतेत! आमच्या लेकराबाळांनी तेच प्यावं का?"

"बाकीची लेकरं तेच पितात, देशमुखसाहेब."

ते ताडकन उठले. त्याच दुपारी छकडा जुंपून जिल्ह्याला गेले. पंधरवड्यात बारवेच्या पायऱ्या बुजल्या, रहाट बसला, त्यांची विहीरही उघडली.

पेपर त्यानंतर छापून आला. कचेरीत तो कुणी वाचल्याचं ऐकिवात नाही. टेबल बिनचूक करावं, फिगर नीट काढावी, हे खरंच. पण सरकार हलायला तेच पाणी आधी देशमुखांच्या माजघरात जावं लागतं.